बी-वन झालं, व्याकरण येतं, तरी जर्मन बातमी का कळत नाही?

प्रश्न नाशिकहून आला आहे. थोडक्यात असा: "जर्मनची बी-वन परीक्षा पास झाले, आता बी-टूच्या वर्गात आहे. व्याकरणाच्या सरावात फारशा चुका होत नाहीत. पण जर्मन बातमी वाचायला घेतली की शब्द कळतात आणि अर्थ कळत नाही. सर म्हणाले, युरोपचा इतिहास-संस्कृती वाच. म्हणून सहाशे पानांचं एक इंग्रजी पुस्तक आणलं आणि चाळिसाव्या पानावर, रोमन साम्राज्यातच अडकले. पुढे भाषांतराचं किंवा शिकवण्याचं काम करायचं आहे. रोज एखादा तास मिळतो. इतिहास खरंच लागतो का? लागत असेल तर कुठून सुरू करू?"

मी पुण्यात बावीस वर्षं जर्मन शिकवते आहे. बी-वन ते बी-टू हा घाट दर वर्षी कुणाकुणाला दमवतो. दमलेला माणूस समजतो की आपले शब्द कमी पडतायत, आणि आणखी दोनशे शब्द पाठ करतो. त्याने काही बिघडत नाही, पण अडचण तिथे नसतेच.

जरा उलटं करून पाहा. एखादा जर्मन माणूस मराठी शिकतो आहे आणि त्याच्यासमोर वाक्य आलं: "पानशेतच्या वर्षी आमचं घर गेलं, म्हणून आम्ही शनवारातून गोखलेनगरला आलो." शब्द सगळे सोपे. शब्दकोशात 'वर्ष' आहे, 'घर' आहे, 'जाणे' आहे. पण घर जातं म्हणजे कुठे जातं? आणि पानशेतचं वर्ष म्हणजे काय, प्रत्येक गावाला आपापलं वर्ष असतं का? १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं आणि निम्मं जुनं पुणं पाण्याखाली गेलं, हे ज्याला ठाऊक नाही त्याला हे वाक्य व्याकरणाने उलगडणार नाही.

आता जर्मनकडे या. "फोर डेर वेंडे वार झी लेऱरिन इन कार्ल-मार्क्स-श्टाट." वेंडेच्या आधी ती कार्ल-मार्क्स-श्टाटमध्ये शिक्षिका होती. वाक्य ए-टूच्या, म्हणजे बी-वनच्याही खालच्या पातळीचं आहे. 'वेंडे' म्हणजे वळण. कुठलं वळण? आणि नकाशावर कार्ल-मार्क्स-श्टाट नावाचं गावच नाही. ते केम्निट्स. १९५३ ते १९९० एवढीच वर्षं त्याचं ते नाव होतं. वेंडे म्हणजे १९८९-९० मध्ये पूर्व जर्मनीची राजवट कोसळली तो काळ. हे माहीत असलेल्या वाचकाला पुढचं वाक्य वाचण्याआधीच अंदाज येतो की या बाईंच्या नोकरीचं काहीतरी झालं असणार. त्या रशियन शिकवत असतील तर नक्कीच, कारण पूर्व जर्मनीत पाचवीपासून रशियन सक्तीची होती आणि वेंडेनंतर ती विद्यार्थ्यांनी भराभर सोडली. तुम्हाला हा अंदाज येत नाही, म्हणून शब्द कळूनही बातमी कळत नाही.

(बर्लिनची भिंत घालायला सुरुवात झाली १३ ऑगस्ट १९६१ ला, म्हणजे पानशेतनंतर महिन्याभराने. पुण्यात घराघरातून चिखल उपसणं चालू होतं तेव्हाची ही गोष्ट. वर्गात हे सांगितलं की तारीख कुणी विसरत नाही, निदान पुणेकर तरी.)

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, इतिहास लागतो. तुमचे सर बरोबर आहेत. पण 'युरोपचा इतिहास' नावाचा विषय रोमपासून क्रमाने शिकायची गरज नाही. लागतो तो शब्दांना चिकटलेला इतिहास. तो जाड पुस्तकांपेक्षा जर्मन लोकांच्या रोजच्या नजरेसमोर जास्त सापडतो: सुट्ट्यांच्या यादीत, रस्त्यांच्या नावांत, फुटपाथवर.

नेमका कुठला इतिहास, हे मात्र तुम्ही जर्मन कशासाठी शिकता यावर आहे. माझ्याकडे नर्सिंगसाठी जर्मन शिकणाऱ्या मुली येतात. त्यांना मी १८८३ पासून सुरू करते, कारण त्या वर्षी बिस्मार्कने कामगारांच्या आरोग्यविम्याचा कायदा आणला आणि 'क्रांकेनकासे', म्हणजे आरोग्यविमा संस्था, हा शब्द त्यांना नोकरीत रोज भेटणार असतो. वर्कशॉपमध्ये जाणाऱ्या मुलाला 'गेझेले' (शिकून तयार झालेला कारागीर) आणि 'माइस्टर' (उस्ताद) या पायऱ्या कारागिरांच्या जुन्या संघांमधून आल्या हे कळलं की जर्मन माणूस प्रमाणपत्राला एवढा का चिकटतो हे कळतं. संस्कृतवाल्यांचं दार तर पुण्यातच आहे. जर्मन संस्कृतपंडित कीलहॉर्न डेक्कन कॉलेजात शिकवून मग ग्योटिंगेनला प्राध्यापक झाले, आणि भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती उभी करणारे सुकथनकर बर्लिनला शिकून आले होते. तुम्हाला भाषांतर करायचं आहे, म्हणजे तुमच्यासमोर उद्या काय येईल याचा नेम नाही. तुम्हाला खोल नको, रुंद हवं. थोडं थोडं, पण पुष्कळ ठिकाणचं.

मी असते तर सुट्ट्यांच्या यादीपासून सुरू केलं असतं.

आपल्याकडे कुणाला महाराष्ट्र समजून घ्यायचा असेल तर मी त्याच्या हातात कालनिर्णय देईन. जर्मनीचंही तसंच आहे. तिथे सोळा राज्यं आहेत आणि देशभर एकसारख्या सुट्ट्या फक्त नऊ. बाकीच्या ज्या त्या राज्याच्या. ३१ ऑक्टोबरला 'रेफॉर्मात्सिओन्सटाग'ची म्हणजे धर्मसुधारणेच्या दिवसाची सुट्टी असते ती सॅक्सनी, थ्युरिंगेन, ब्रांडेनबुर्ग अशा पूर्वेच्या राज्यांत आणि आता हॅम्बुर्ग, ब्रेमेन वगैरे उत्तरेतही. दुसऱ्याच दिवशी, १ नोव्हेंबरला, 'आलरहायलिगन'ची म्हणजे सर्व संतांच्या दिवसाची सुट्टी असते ती बव्हेरिया, बाडेन-व्युर्टेम्बर्ग, नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालिया अशा दक्षिण-पश्चिमेच्या राज्यांत. दोन दिवसांच्या दोन याद्या, आणि एकही राज्य दोन्हींत नाही. नकाशावर दोन रंगांनी भरून पाहा, अर्ध्या तासाचं काम आहे.

हा नकाशा कुठून आला? १५१७ मध्ये मार्टिन लुथरने विटेनबर्गमधून पोपच्या पापमुक्तिपत्रांविरुद्ध आपले मुद्दे जाहीर केले. त्यातून पंथ फुटला, भांडणं झाली, आणि १५५५ मध्ये आउग्सबुर्गला तह झाला. तहाचं सार आपल्याकडे एका म्हणीत मावतं: यथा राजा तथा प्रजा. राजा लुथरचा तर रयत लुथरची, राजा कॅथलिक तर रयत कॅथलिक, ज्याला पटत नाही त्याने राज्य सोडून जावं. आणि राजे होते शेकड्यांनी. या तुकड्यातुकड्यांच्या कारभाराला जर्मनमध्ये 'क्लाइनश्टाटराय' म्हणतात. सांगली, मिरज, जमखिंडी, कुरुंदवाड अशी हाकेच्या अंतरावरची संस्थानं ज्यांनी आजोबांकडून ऐकली आहेत, त्यांना या शब्दाचा वेगळा अर्थ सांगावा लागत नाही. प्रत्येकाचा राजवाडा, प्रत्येकाचं नाटकघर. वायमार किंवा डेसाऊ यांसारख्या छोट्या गावांची नावं संस्कृतीच्या इतिहासात एवढी मोठी का, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

अशी तुलना जरूर करा, पण ती कुठे तुटते तेही लिहून ठेवा. आपली संस्थानं इंग्रजांच्या छत्राखाली होती, एकमेकांवर फौजा घालू शकत नव्हती. जर्मन राजे घालत, आणि १६१८ ते १६४८ अशी तीस वर्षं त्यांनी तो देश उजाड केला. त्यातल्या सात मोठ्यांना तर सम्राट निवडायचा हक्क होता, 'कुरफ्युर्स्ट' म्हणजे ते. तीच गोष्ट लुथरची. त्याने बायबल लोकांच्या जर्मनमध्ये आणलं, १५३४ ला पूर्ण बायबल छापलं गेलं. भाषांतर करताना घरातल्या आईला, गल्लीतल्या पोरांना, बाजारातल्या माणसाला विचारा ते कसं बोलतात, असं तो सांगे. मराठी माणसाला इथे ज्ञानेश्वर-एकनाथ आठवणारच आणि आठवावेतच. पण आपल्याकडे प्राकृतात ग्रंथ आणल्यावरून सैन्यं समोरासमोर उभी राहिली नाहीत. तुलनेने दार उघडतं. आत गेल्यावर घर वेगळं आहे हे दिसायला हवं, नाहीतर भाषांतरात 'कुरफ्युर्स्ट'चा 'संस्थानिक' होऊन बसतो.

या सुट्ट्यांच्या नकाशातले अपवाद मला जास्त आवडतात. थ्युरिंगेन लुथरचं राज्य, पण त्यातल्या आइक्सफेल्ड या एका भागात 'फ्रोनलाइख्नाम' या कॅथलिक सणाची सुट्टी असते, कारण तो टापू शतकानुशतकं माइन्झच्या आर्चबिशपच्या ताब्यात होता. आउग्सबुर्गमध्ये ८ ऑगस्टला शांततेच्या सणाची सुट्टी असते, ती फक्त त्या एका शहरात. वेशीबाहेर दुकानं उघडी. आणि 'बूस-उंट-बेटटाग', प्रायश्चित्त-प्रार्थनेचा बुधवार, १९९५ पासून सगळीकडे रद्द झाला तो वृद्ध आणि आजारी माणसांच्या शुश्रूषेच्या विम्यासाठी पैसा उभा करायचा म्हणून. एक दिवस जास्त काम करा, विम्याचा भार मालकांना हलका पडेल, असा तो हिशेब होता. फक्त सॅक्सनीने सुट्टी सोडली नाही. बघा, धर्म, कामगार, सरकार आणि म्हातारपण एका बुधवारात.

सगळंच १५५५ वरून सुटतं असं मात्र समजू नका. उत्तरेतल्या चार राज्यांनी ३१ ऑक्टोबरची सुट्टी २०१८ पासून घेतली, त्यात दक्षिणेपेक्षा आपल्या सुट्ट्या कमी आहेत ही व्यवहारी तक्रारही होती. बर्लिनने धर्माच्या वाटेला न जाता ८ मार्चचा महिला दिन निवडला, २०१९ पासून. आणि ३ ऑक्टोबर, जर्मन एकीकरणाचा दिवस, राज्यांनी नव्हे तर संघराज्याने ठरवलेला आहे. भिंत पडली ९ नोव्हेंबरला, मग सुट्टी ३ ऑक्टोबरला का, हे विद्यार्थी नेहमी विचारतात. ३ ऑक्टोबर १९९० ला कायद्याने एकीकरण झालं हे सरळ उत्तर. पण ९ नोव्हेंबर टाळण्यामागे आणखी कारण आहे. त्याच तारखेला १९१८ मध्ये प्रजासत्ताक जाहीर झालं, १९२३ मध्ये म्युनिकला हिटलरचं बंड फसलं, आणि १९३८ मध्ये देशभर ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली गेली. त्या दिवशी फटाके उडवणार कसे? जर्मन वर्तमानपत्रात नुसतं 'नऊ नोव्हेंबर' असं दिसलं की ही चारही वर्षं मनात वाजली पाहिजेत.

आता माझी एक फजिती सांगते, कारण ती पुस्तकातून टळली नसती. २००६ मध्ये मी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणासाठी जर्मनीत होते आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका आजींच्या घरी राहत होते. पहिल्याच दुपारी त्यांनी कॉफी आणि श्ट्रॉयझेलकुखन, म्हणजे वर खुसखुशीत चुरा घातलेला केक, पुढ्यात ठेवला. मी सरावातलं वाक्य म्हटलं, तुम्ही मूळच्या कुठल्या? "आउस ब्रेसलाऊ." मला भूगोल येत होता. मी उत्साहाने म्हणाले, "अच्छा, म्हणजे पोलंड!" त्यांनी कप खाली ठेवला. "नाइन. ब्रेसलाऊ." त्यानंतर बराच वेळ फक्त घड्याळ बोलत होतं.

चूक व्याकरणात नव्हती. आज ते शहर व्रोत्स्वाफ आहे आणि पोलंडमध्ये आहे, हेही खरं. पण दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीची हद्द पश्चिमेकडे सरकली, पूर्वेकडच्या भागांतून एक कोटीहून जास्त जर्मन पळाले किंवा हाकलले गेले, आणि आजी त्यांतल्या एक. जानेवारी १९४५, बर्फ, आईबरोबर पायी. हे त्यांनी मला आठवडाभराने सांगितलं, पुन्हा तोच केक करून. तो त्यांच्या श्लेझियनचा, म्हणजे सायलेशियाचा केक होता. उल्हासनगरची सिंधी आजी "आम्ही शिकारपूरचे" म्हणते तेव्हा तिला "म्हणजे पाकिस्तानच्या!" असं हसत कोण म्हणेल? आपल्याला ते आपोआप कळतं. जर्मनमध्ये ते शिकावं लागतं. 'हाइमाट' (आपलं गाव, मायभूमी), 'फ्लुख्ट' (पलायन), 'फरट्रायबुंग' (हकालपट्टी) हे तीन शब्द मी त्या आठवड्यात शिकले. त्याआधी मला फक्त त्यांचे अर्थ येत होते.

इथेही तुलना एका जागी थांबते. फाळणीत उखडलेल्या माणसांच्या देशाने आधी जगावर युद्ध लादलेलं नव्हतं. जर्मन माणूस आपल्या आजीच्या हालांविषयी बोलताना अर्ध्यात अडखळतो तो यामुळे. त्याच्या वाक्यांत 'पण' फार येतात. भाषांतर करताना ते 'पण' गाळू नका.

तिसरी जागा फुटपाथ. जर्मन शहरांत घरांच्या दारासमोर जमिनीत दहा सेंटिमीटरची चौकोनी पितळी पट्टी दिसते. 'श्टोल्परश्टाइन', ठेच लागणारा दगड. गुंटर डेमनिग या कलाकाराने नव्वदच्या दशकात हे काम सुरू केलं आणि २०२३ मध्ये युरोपभरातली संख्या एक लाखावर गेली. नाझींनी ज्यांना मारलं, हाकललं, छळलं, त्यांच्या शेवटच्या राहत्या घरासमोर हा दगड बसवतात. मजकूर पाच-सात ओळींचा. 'हिअर वोन्टे', इथे राहत होते. मग नाव, जन्मवर्ष, 'डेपोर्टिअर्ट' (हद्दपार केलेले), एक साल, आणि बहुतेक वेळा 'एरमोर्डेट' (ठार मारलेले) व एका जागेचं नाव.

बी-वनच्या मुलांना हा मजकूर पूर्ण कळतो. म्हणून मी तो फळ्यावर लिहिते आणि विचारते, यात काय नाही? कुणीतरी म्हणतं, सहायक क्रियापद नाही. बरोबर, 'वुर्डे' नाही, नुसती धातुसाधितं आहेत. मग थोड्या वेळाने दुसरं कुणीतरी म्हणतं, "मॅम, कुणी मारलं ते नाही." कर्मणि प्रयोगावरचा माझा यापेक्षा चांगला तास आजवर झालेला नाही. काही दगडांवर 'फ्लुख्ट इन डेन टोड' असतं, मृत्यूत पलायन. म्हणजे पकडून न्यायला येण्याआधी त्या माणसाने जीव दिला. 'फ्लुख्ट' शब्द आजींच्या बर्फातला, तोच इथे. शब्दकोशातली एकच नोंद.

म्युनिक शहराने मात्र हे दगड सार्वजनिक रस्त्यांवर बसवायला परवानगी दिलेली नाही. तिथल्या ज्यू समाजाच्या पुढाऱ्यांचंच म्हणणं होतं की मारलेल्या माणसांची नावं पुन्हा पायाखाली नकोत. तिथे भिंतीवर पाट्या लावतात. दुसरी बाजू म्हणते, नाव वाचायला वाकावं लागतं, तोच नमस्कार. आपल्या मुलांना पहिली बाजू लगेच पटते. पाय लागला की हात छातीशी नेणारी माणसं आपण. मग मी त्यांना पंढरपूरची नामदेवाची पायरी आठवून देते. तिथे भक्तांच्या पायांची धूळ लागावी हीच इच्छा होती. वर्गात मग पाऊण तास वाद होतो, जर्मनमध्ये, चुकत-माकत, आणि कुणाला वाक्यं जुळवायची भीती वाटत नाही. एक फरक त्यांनाच सापडतो: नामदेवांनी स्वतः मागितलं होतं.

आता जरा नाजूक विषय. आपल्याकडे कडक मास्तरांना 'हिटलर' म्हणतात, त्याचं आत्मचरित्र फुटपाथवर व्यवस्थापनाच्या पुस्तकांशेजारी मिळतं. जर्मन माणसासमोर हा विनोद चालत नाही. नाझी चिन्हं जाहीरपणे मिरवणं तिथे फौजदारी गुन्हा आहे. दिवाळीत रांगोळीत स्वस्तिक काढणार असाल तर शेजाऱ्याला आधी समजावून सांगा, आणि सांगताना त्यांच्या चिन्हासाठी 'हाकेनक्रॉयत्स' हाच शब्द वापरा, म्हणजे दोन गोष्टी दोन राहतात. भाषेतही खुणा आहेत. 'फ्युररशाइन' म्हणजे गाडी चालवायचा परवाना, 'रायझेफ्युरर' म्हणजे प्रवासाचं मार्गदर्शक पुस्तक, दोन्ही बिनधास्त वापरात. पण कंपनीच्या प्रमुखाला नुसतं 'फ्युरर', म्हणजे नेता, म्हणालात तर खोली गार पडेल.

आणि हा इतिहास फक्त 'त्यांचा' आहे असंही नाही. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या आणि १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन परतल्या. दालेममधल्या ज्या मानववंशशास्त्राच्या संस्थेत त्यांनी कवट्यांवर काम केलं, तिचा संचालक ऑइगेन फिशर हा वंशश्रेष्ठत्वाचा पुरस्कर्ता होता. इरावतीबाईंच्या निष्कर्षांनी त्याच्या समजुतीला आधार दिला नाही. पुढे याच संस्थेकडे आउश्वित्झहून मानवी अवयव येत. आज त्या इमारतीत विद्यापीठ आहे आणि दाराशी एक स्मृतिफलक. तो वाचायला तुमचं आत्ताचं जर्मन जवळपास पुरेल.

ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड सध्या बाजूला ठेवा. एवढंच लक्षात असू द्या की जर्मन बोलणारे म्हणजे फक्त जर्मनीचे नव्हेत. १९९५ मध्ये युरोपीय संघात जाताना ऑस्ट्रियाने बटाट्याचा 'एर्डआपफेल', टोमॅटोचा 'पाराडाइझर' असे आपले २३ शब्द करारात नोंदवून घेतले होते. भाषेचा एवढा अभिमान आपल्याला कळू शकतो.

रोजच्या तासाचं काय करायचं ते सांगते. पंधरा मिनिटं सोपी बातमी. डॉइचलांडफुंक या जर्मन रेडिओची 'नाखरिखटनलाइख्ट' दर आठवड्याला अगदी सोप्या जर्मनमध्ये असते, तिथून सुरू करा. डॉइचे वेलेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या दोन-तीन महिन्यांनी. बातमीतला फक्त एक शब्द निवडा, ज्याचा अर्थ शब्दकोशात आहे पण वाक्यात बसत नाही. पुढचा अर्धा तास त्या शब्दाच्या मागे जा. तो कुठल्या सालाशी, कुठल्या गावाशी बांधलेला आहे ते शोधा. उरलेल्या वेळात वहीच्या डाव्या पानावर जर्मनमध्ये पाच वाक्यं, उजव्या पानावर मराठीत एक ओळ: आपल्याकडे याच्या जवळचं काय, आणि कुठे जुळत नाही. आठवड्याला सहा शब्द झाले तरी पुष्कळ झाले. सातव्या दिवशी मागचे वाचा.

आणखी एक चांगली वही आयती मिळते. जर्मन नागरिकत्वाच्या परीक्षेचे ३१० प्रश्न जाहीर आहेत: तीनशे सर्वांसाठी, दहा त्या त्या राज्याचे. परीक्षेत ३३ येतात, १७ बरोबर आले की पास. तुम्हाला नागरिकत्व नको असेल, पण एखादा देश परक्या माणसाकडून स्वतःबद्दल किमान काय माहीत असण्याची अपेक्षा ठेवतो, याची यादी त्याच्याच भाषेत दुसरीकडे कुठे मिळणार? भाषाही तुमच्या पातळीची. दिवसाला पाच सोडवा. ज्याचं उत्तर चुकलं तो उद्याचा शब्द.

शेवटी इंग्रजीबद्दल. तुम्ही इतिहासही इंग्रजीतून आणला आणि मला शंका आहे, व्याकरणही तुमच्या डोक्यात इंग्रजीतूनच जातं. हा लांबचा रस्ता आहे. 'मिअर इस्ट काल्ट' हे इंग्रजीतून विचित्र वाटतं, मराठीतून ते 'मला थंडी वाजते' इतकं साधं आहे. 'डास गेफेल्ट मिअर' म्हणजे 'मला ते आवडतं', विभक्तीसकट. तीन लिंगं तर आपण पाळण्यातून घेऊन येतो. 'मेडशेन', म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी कशी म्हणून इंग्रजीवाला डोकं धरतो, आणि आपण 'ते पोरगं' रोज म्हणतो. (सूर्य तिथे स्त्री आहे, तिथे मात्र आपलीही पंचाईत.) जसं व्याकरणात तसंच इतिहासात. पानशेत, सांगली-मिरज, शिकारपूर, नामदेवाची पायरी हे तुमच्याकडे आधीच आहे. मध्ये लंडनला जायचं कारण नाही.

ते सहाशे पानांचं पुस्तक फेकू नका. पण ते पहिल्या पानापासून न वाचता सूचीतून वाचा. वहीत १५५५ आलं की सूचीत आउग्सबुर्ग शोधा, तेवढी तीन पानं वाचा, बंद करा. वर्षभरात निम्मं वाचून होईल आणि रोम आपोआप कुठेतरी भेटेल.

आज रात्री सुरुवात करायची असेल तर मी वर एक धागा मुद्दाम अर्धा सोडला आहे. सॅक्सनीत काम करणाऱ्या नर्सच्या पगारातून शुश्रूषा-विम्यासाठी शेजारच्या राज्यातल्या नर्सपेक्षा थोडे जास्त पैसे कापले जातात. का, ते पाच जर्मन वाक्यांत लिहा. 'वाइल', म्हणजे 'कारण', वापराल तेव्हा क्रियापद शेवटी टाका, मराठीत टाकता तसं.